एसीचा झोत आणि चालकाचा हात

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी म्हटली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. एका चार्जिंगमध्ये किती जाते? बॅटरी किती वर्षं टिकते? मी आज तिसऱ्याच गोष्टीवर बोलणार आहे. डॅशबोर्डवरच्या एसी व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या जाळीतून, निघणारा वारा कुठे जातो, आणि तो वळवायला चालकाला काय काय करावं लागतं?

विषय किरकोळ वाटेल, पण सातारकरासाठी तो किरकोळ नाही. एप्रिलमध्ये आपण फलटण-म्हसवडच्या उन्हात गाडी चालवतो. जुलैमध्ये तीच गाडी मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वरच्या धुक्यात नेतो. या दोन्ही वेळा झोताची दिशा एकच ठेवून चालत नाही.

का, ते सांगतो. गार हवा जड असते, ती खाली बसते. म्हणून उन्हाळ्यात झोत थोडा वर ठेवावा, म्हणजे डोक्यांवरून मागच्या सीटपर्यंत जातो आणि मग सगळीकडे उतरतो. थेट तोंडावर घेतला तर डोळे कोरडे पडतात, बोटं गारठतात आणि मागे बसलेली आई मात्र घामाघूम. इथवर सोपं आहे.

आता पावसात या. वर केलेला तोच झोत समोरच्या काचेवर आपटतो आणि काच गार पडते. बाहेरची हवा ओलीचिंब असते, त्या गार काचेला ती लागली की बाहेरून दव धरतं आणि काच पांढरी होते. लोक घाबरून एसी आणखी गार करतात, त्यामुळे काच आणखी गार होते आणि दव वाढतं. करायचं नेमकं उलट: वायपर मारा, झोत काचेवरून काढा, तापमान वाढवा. काच आतून धुरकटली असेल तर गोष्ट वेगळी. ती आपल्या श्वासाची वाफ असते. तिला एसी चालू ठेवून, बाहेरची हवा घेऊन, काचेवरच वारा सोडावा लागतो. काचेवर आतून बोट फिरवून पाहा: रेघ उमटली तर वाफ आतून आहे, नाही उमटली तर बाहेरून.

म्हणजे उन्हाळ्यात जी दिशा बरोबर, तीच पावसाळ्यात घातक ठरू शकते. घाट चढताना तर अर्ध्या तासात ती दोन-तीनदा बदलावी लागते, तीही गाडी चालवता चालवता. माझा सगळा मुद्दा इथे आहे.

आता गाडी बनवणाऱ्यांची बाजू. 2017 साली टेस्लाची मॉडेल 3 आली. तिच्या डॅशबोर्डवर जाळ्या दिसतच नाहीत, आडवी लांब फट दिसते. मुख्य झोत सरळ येतो, आणि दुसऱ्या चिंचोळ्या फटीतला वारा त्याला वर किंवा खाली ढकलतो. डावं-उजवं करायला आत लपलेल्या पट्ट्या आणि छोट्या मोटरी आहेत. चालक स्क्रीनवर बोट फिरवून दिशा ठरवतो. पोर्शेच्या टायकानमध्येही मधल्या व्हेंटची दिशा स्क्रीनवरून बदलते. यातलं इंजिनिअरिंग मला मनापासून आवडतं. वाऱ्यानं वारा वळवायचा, हे डोकं लावून केलेलं काम आहे.

पण हिशेब मांडू. घाटात ताशी 40 किलोमीटरनं निघालात आणि दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलंत, तर गाडी तेवढ्यात 22 मीटर पुढे जाते. एवढ्यात केळघरचं एखादं वळण सरतं. जाळीवरचं जुनं बोंडूक अंधारात, न बघता बोटाला सापडतं. स्क्रीनची काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत, तिथे आधी बघावं लागतं, मग दाबावं लागतं. खड्ड्यातून जाताना बोट हलतं ते वेगळंच.

दुरुस्तीचंही तसंच. हाताच्या व्हेंटमध्ये आतली प्लास्टिकची काडी मोडते. बहुतेक वेळा जाळीला मोबाईलचा स्टँड अडकवल्यानं. काम दिसतं आणि समजतं. मोटरच्या व्हेंटमध्ये दातेरी चाकं झिजली की डॅशबोर्डातून टकटक ऐकू येते आणि झोत मधेच अडकतो. अशी एक गाडी माझ्यासमोर आली होती. मालकाला अख्खी जोडणी बदलायला सांगितलं गेलं आणि सुटा भाग मिळाला नाही. मला याचा राग येतो, कारण बिघाड बोटभर मोटरीचा होता.

इलेक्ट्रिक गाडीत झोताला आणखी एक किंमत आहे. पेट्रोल गाडीत हीटरला इंजिनची फुकटची उष्णता मिळते, इथे गार आणि गरम दोन्ही बॅटरीतून. एसीनं दीड किलोवॅट घेतलं, तर तासाला दीड युनिट, म्हणजे 30 युनिटच्या बॅटरीतले पाच टक्के. वारा माणसापर्यंत नीट पोचला तर ब्लोअर आणि कॉम्प्रेसर दोन्ही कमी चालतात. एकटेच असाल तर शेजारचा व्हेंट बंद करा. काही गाड्यांत फक्त चालकापुरता वारा सोडायचं बटण असतं, ते वापरा.

गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेनं 2026 पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझार्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीत मदत मागायची हाक (एसओएस) यांना प्रत्यक्ष हाताची बटणं मागितली आहेत. व्हेंट त्या यादीत नाही. माझ्या मते पावसाळी घाटांच्या देशात काचेवरचा वारा वायपरइतकाच महत्त्वाचा आहे, आणि हे आपणच शोरूममध्ये बोललं पाहिजे.

गाडी बघायला जाल तेव्हा सीटवर बसा, समोर नजर ठेवा आणि झोत काचेवरून छातीकडे आणून दाखवा असं स्वतःला सांगा. स्टिअरिंगआड व्हेंट लपतो का, हेही बघा. ज्यांनी स्क्रीनवाली गाडी आधीच घेतली आहे, त्यांनी चालकाच्या प्रोफाइलमध्ये आपली दिशा साठवून ठेवावी, पुढची काच मोकळी करायचं बटण स्क्रीनवर कुठे आहे ते घरी उभ्या गाडीत पाठ करावं, आणि मेढा सोडण्याआधी गाडी बाजूला घेऊन झोत खाली वळवून मगच घाटाला लागावं.