इराण्याचं हॉटेल कशावर टिकतं?

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत ‘शहरातील ऐतिहासिक उपाहारगृहं’ असा भारदस्त विषय छापला आहे. मी तो मुंबईपुरता, आणि मुंबईतही इराण्याच्या हॉटेलांपुरता घेणार आहे. दादरचं मामा काणे किंवा माटुंग्याच्या उडुपी खानावळी यांची गोष्ट निराळी आहे. सगळं एका संध्याकाळी कोंबलं तर हातात नुसती यादी पडेल.

जुन्या हॉटेलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘तिथली चव अजून तीच आहे.’ मला ते फारसं पटत नाही. चव तीच कशी राहील? गव्हाचं वाण बदललं, लोणी बदललं, दूध पिशवीतून येऊ लागलं, भट्टीवरचा माणूस तर कितीदा बदलला. बॅलार्ड इस्टेटमधलं ‘ब्रिटानिया अँड कंपनी’ घ्या. १९२३ सालचं. गोदीला लागून असलेली ही कचेऱ्यांची वसाहत जॉर्ज विटेटने आखली, गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. आसपासच्या ऑफिसांतल्या गोऱ्या साहेबांच्या जिभेला झेपेल असं बेतानं जेवण इथे मिळायचं. दुसऱ्या महायुद्धात जागा लष्कराने घेतली, ती स्वातंत्र्याच्या सुमाराला परत मिळाली. आणि आज ज्या बेरी पुलावासाठी लोक परगावाहून येऊन दारात नंबर लावतात, तो तिथे कधी आला? १९८२ साली! मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी इराणमध्ये नोकरीला होत्या. तिकडचा झरेश्क, म्हणजे वाळवलेली आंबट बेरी, घातलेला पुलाव त्यांनी आणला आणि मसाला वाढवून इथल्या तोंडाला रुचेल असा केला. म्हणजे शंभरी ओलांडलेल्या हॉटेलचा हा ‘पिढीजात’ पदार्थ वयाने गिरणी संपाएवढा आहे. पुलाव उत्तम असतो, त्याबद्दल वाद नाही. पण लोकांना तिथे ओढणारी गोष्ट फक्त पाककृती असती, तर १९८२ च्या आधीची साठेक वर्षं त्या खुर्च्यांवर कोण बसत होतं?

माझं म्हणणं साधं आहे. इराण्याने विकला तो चहा, आणि त्याच्यासोबत फुकट दिली ती बसायची मुभा. ती मुभा त्याला देता आली, याची कारणं मात्र अगदी रुक्ष आहेत. भाडं, भागीदारी, कोपऱ्यावरचा गाळा. आज मी जास्त वेळ त्या रुक्ष गोष्टींवरच घालवणार आहे, कारण ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात बुडवण्याची वर्णनं तुम्ही सगळ्यांनी वाचलेली आहेत.

हे लोक आले कुठून? बहुतेक इराणच्या यझ्द आणि केरमान भागातून, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याची सुरुवात या काळात. पुष्कळसे झरतुष्ट्री, काही शिया मुसलमान. झरतुष्ट्री असले तरी शेकडो वर्षं आधी गुजरात किनाऱ्यावर उतरलेल्या पारशांपेक्षा हे वेगळे. पारशी तोवर इथे जहाजं बांधून, गिरण्या काढून स्थिरावलेले. इराणी हाताला मिळेल ते काम करणारे. त्यांना कोपऱ्यावरचे गाळे मिळाले, कारण हिंदू व्यापारी कोपरा अशुभ मानत, असं सांगतात. असेलही. पण मला वाटतं, दोन रस्त्यांवर तोंड, दोन्हीकडून उजेड आणि ट्रामचा थांबा समोर, एवढं असल्यावर शुभाशुभाची गरज काय? धोबीतलावचं ‘कयानी’ १९०४ सालचं. आज तिथे आत बसून बाहेर बघा, म्हणजे कोपऱ्याचं महत्त्व कळेल. सगळा रस्ता टेबलावर येतो.

त्या टेबलखुर्च्यांचं सध्या फार कौतुक होतं. संगमरवरी पाट, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतभर आरसे. पण हे सामान आणलं तेव्हा त्यात नजाकतीपेक्षा हिशेब जास्त होता. व्हिएन्नाच्या थोनेटने १८५९ मध्ये या घराण्यातली जी मूळ खुर्ची काढली, तिचे सहा सुटे भाग होत आणि एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या मावत. जहाजाने पाठवायला स्वस्त, मोडली तर एकच भाग बदलायचा. संगमरवर एका फडक्यात पुसून निघतो. आरशांमुळे जागा दुप्पट दिसते, शिवाय गल्ल्यावर बसलेल्या शेठला पाठीमागचं गिऱ्हाईकही दिसतं. लवकर झिजू नये म्हणून घेतलेलं सामान होतं, आणि खरोखरच ते झिजलं नाही.

आता बसण्याकडे येऊ. त्या काळच्या मुंबईत नोकरीला आलेला माणूस जेवायचा खानावळीत. खानावळ महिन्याच्या बोलीवर चाले, आणि ती बहुधा जातीची, नाहीतर गावची असे. ब्राह्मणाची वेगळी, कोकणातल्या मराठ्यांची वेगळी. पान मांडलं, जेवलात, उठलात. मागचा उभा असायचा. राहायचा चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, गिरणगावात तर पाळीप्रमाणे झोपायलासुद्धा नंबर. मग दोन घटका नुसतं बसायचं कुठे? नाक्यावरच्या इराण्याकडे. सबंध नाक्याची ती बैठकीची खोली होती. आणि इराणी स्वतःच परका. इथल्या जातींच्या उतरंडीत त्याला कुणाची बाजू सांभाळायची नव्हती. ज्या काळात रेल्वे स्टेशनवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं मिळे, त्या काळात त्याच्या टेबलावर शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नसे. सोवळ्या घरातली पोरं ऑम्लेट पहिल्यांदा इराण्याकडेच खात, आणि घरी बोलत नसत. संघटनेच्या बैठका, नाटकाच्या तालमीनंतरची भांडणं, प्रेमपत्रांची देवाणघेवाण, नोकरीच्या जाहिराती चाळणं, सगळं एका चहावर. पेपर एकच, पण पानं सुटी करून चार टेबलांवर फिरायची. काही ठिकाणी साठच्या दशकात ज्यूकबॉक्स आले. नाणं दुसऱ्याने टाकावं आणि गाणं आपण ऐकावं, अशी सोय.

इथे थोडं सावरून बोललं पाहिजे. ‘सगळ्यांसाठी खुलं’ म्हणताना आपण बायकांना विसरतो. त्यांच्यासाठी ‘फॅमिली रूम’ असे, लाकडी आडोशामागे, कुठे माळ्यावर. एकटी बाई पुढच्या टेबलावर पेपर वाचत बसली आहे, असं चित्र फार उशिरा दिसू लागलं. आणि भिंतीवरच्या पाट्या तर प्रसिद्धच आहेत: उधार मिळणार नाही, केस विंचरू नयेत, जास्त वेळ बसू नये. पाटी होती, म्हणजे लोक जास्त वेळ बसत होते. आणि पाटी वर्षानुवर्षं तशीच राहिली, म्हणजे कुणी उठवत नव्हतं.

का उठवत नव्हतं? शेठ दिलदार होता म्हणून? असतील काही. पण दिलदारीला भांडवल लागतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. ज्यांचे गाळे भाड्याचे होते, आणि पुष्कळांचे होते, त्यांचं भाडं पुढची कित्येक दशकं जवळपास जागेवर थांबलं. बाहेर जागेचे भाव कुठल्या कुठे गेले. त्यामुळे एका कपावर तासभर बसलेलं गिऱ्हाईक त्याला परवडत होतं. आज नव्या कॅफेवाल्याच्या डोक्यात प्रत्येक खुर्चीचं तासाचं भाडं घुमत असतं. तुमचा कप रिकामा दिसला की वेटर येऊन अदबीनं विचारतो, ‘अजून काही आणू?’ ते विचारणं म्हणजे जुन्या पाटीचंच सुधारलेलं रूप, फरक इतकाच की हे अमलात येतं. भाडे नियंत्रणाला नावं ठेवणारे बरेच आहेत, आणि त्यांचं खरंही आहे. त्याच कायद्याने घरमालकांनी इमारतींची डागडुजी सोडून दिली आणि जुनी मुंबई पडायला आली. पण त्याच कायद्याने इराण्याचा चहाही सांभाळला. इराण्याच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या लेखांत या कायद्याचं नाव मला क्वचितच दिसतं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ आणि पागडीला, म्हणजे जागा घेताना भाड्याखेरीज द्यायच्या ठोक रकमेला, मान्यता दिली, तेव्हा हे गणित थोडं हललं, मोडलं नाही.

मोडलं ते दुसरीकडून. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. लालबाग-परळच्या नाक्यांवर भोंग्याबरोबर भरणारी हॉटेलं रिकामी पडू लागली. त्याआधीपासून उडुपी हॉटेलं होतीच. त्यांच्याकडे इडली-डोसा, टेबल झटपट रिकामं, हिशेब चोख. पुष्कळ इराण्यांनी बिअरचा परवाना घेतला, काहींनी गाळा बँकेला नाहीतर औषधवाल्याला दिला. फोर्ट आणि धोबीतलावची त्यातल्या त्यात तगली, कारण तिथलं गिऱ्हाईक कोर्टाचं, कचेऱ्यांचं, कॉलेजांचं. ते गिरणीसारखं एका दिवसात नाहीसं झालं नाही.

दुसरं कारण घरातलं. इराण्याचं हॉटेल बहुधा भागीदारीत असे आणि भागीदार पाळीपाळीने गल्ल्यावर बसत. दोन पिढ्यांत चार हिश्शांचे चौदा झाले की विकून वाटून घेणं सगळ्यांना सोपं वाटतं. मुलं शिकून परदेशी गेलेली. पहाटे उठून पाव मोजून घेणारा घरात कुणी उरलेला नाही. त्याबद्दल त्या मुलांना दोष देणारे आपण कोण? आपल्यातल्या कितीजणांनी वडिलांचं दुकान चालवलं? बोमन कोहिनूर वयाच्या नव्वदीतही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेत, ब्रिटनच्या राणीचं आलेलं पत्र कौतुकाने दाखवत. २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी ते गेले. निम्मी गर्दी त्यांना भेटायला यायची असं म्हटलं तरी चालेल. असा माणूस मिळणं हा नशिबाचा भाग, त्यावर धंद्याचा आराखडा आखता येत नाही.

ग्रँट रोडच्या ‘मेरवान’ची हकिकत सांगतो. १९१४ सालचं, मावा केकसाठी नावाजलेलं. २०१४ मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, ते बंद होणार अशी बातमी आली आणि स्टेशनसमोर झुंबड उडाली. लोक डोळे पुसत खोकी भरून केक नेत होते. मला राहून राहून वाटलं, ही मंडळी आदल्या वर्षी एखाद्या साध्या मंगळवारी कुठे होती? पुढे दुरुस्ती होऊन हॉटेल पुन्हा उघडलं, आणि निरोप देऊन गेलेल्यांची थोडी पंचाईतच झाली.

आता नक्कल. लंडनमध्ये २०१० साली ‘डिशूम’ निघालं, आपल्याकडेही त्या धर्तीवर पाट्या, आरसे, खुर्च्या मांडलेली रेस्टॉरंटं निघाली. मी त्यांना हसत नाही. सजावट प्रामाणिक असते, खाणंही चांगलं असतं. पण तिथे बाहेर नंबर लावावा लागतो, आणि आत एका चहावर संध्याकाळ काढता येत नाही. काढू द्यावी असं म्हणणंही अन्याय होईल, त्यांना आजचं भाडं आहे.

मगाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे की ही हॉटेलं सरकारने वारसा म्हणून जाहीर का करू नयेत. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे. ती इमारतीचं दर्शनी रूप सांभाळते, कमान, सज्जा, जिना. आत चहा मिळेल की मोबाईल, हे ती सांगू शकत नाही. गाळ्याच्या वापराला संरक्षण द्यायचं, तर घरमालकाला त्याचा मोबदला कुणी द्यायचा, यावर आधी बोलावं लागेल, आणि तिथे आपण सगळे गप्प होतो.

त्यापेक्षा जवळचा प्रश्न भट्टीचा आहे. २०२५ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. बेकरीवाल्यांचं म्हणणं, गॅस किंवा विजेवर ब्रूनची ती टणक पापडी येत नाही, खर्चही झेपत नाही. पापडीबद्दल ते बरोबर असतील. तरी मी फुप्फुसांच्या बाजूचा आहे, भट्टीशेजारी राहणाऱ्यांच्या आणि भट्टीसमोर उभं राहणाऱ्यांच्या. ब्रून थोडा बदलेल, आपण वर्षभर कुरकुर करू आणि खात राहू. पण बदलाच्या खर्चाला हात दिला नाही, तर छोटी बेकरी ब्रून न बदलताच बंद होईल. तेव्हा पापडीवर लेख लिहिण्याआधी त्या खर्चाचं काय, हे महापालिकेला विचारा. मी चार जणांच्या सह्या घेऊन पत्र तयार ठेवलंय, दाराशी टेबलावर आहे.