जाळरेषा: गौताळ्याचा वणवा अडवणारी माणसं

[ड्रोन: सातमाळा डोंगररांग, पिवळ्या गवतातून उतरलेला काळा पट्टा]

डोंगराच्या सोंडेवरून खाली आलेला हा काळा पट्टा माणसांनी ठरवून जाळलाय. ही जाळरेषा. वणवा पेटलाच, तर इथवर येऊन त्याला खायला काही मिळू नये म्हणून.

कन्नडच्या डोंगरापासून चाळीसगावच्या उतारापर्यंत पसरलेलं हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य, १९८६ साली घोषित झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. दिवाळी सरली की इथलं गवत वाळायला लागतं, पुढे साग पानं टाकतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. रेषा त्याच्या आधी झालीच पाहिजे.

[जवळून: विळा, गवत ओढणारे हात]

आधी पट्ट्याच्या दोन्ही कडा विळ्यानं कापून माती उघडी करायची. कापलेलं गवत मधे ओढायचं, वाळू द्यायचं. मग वारा पडलेला बघून पेटवायचं, शक्यतो सकाळी दव असताना नाहीतर दिवस कलल्यावर. दोन्ही कडांना माणसं उभी, हातात निरगुडीच्या ओल्या फांद्या. ठिणगी पलीकडे गेली की तिथंच झोडपायची. डिसेंबर-जानेवारीत कडेच्या गवतात अजून ओल असते, जाळ ऐकतो. मार्चमध्ये हेच करायला गेलं, तर रेषा जाळता जाळताच वणवा लागायचा. म्हणून या कामाचा पैसा दिवाळीनंतर लगेच सुटला पाहिजे, आणि ज्यांनी विळा धरला त्यांची मजुरी वेळेवर मिळाली पाहिजे. जंगल राखणारं खरं काम हेच आहे.

[रात्र: मोबाइलवर घेतलेली आग]

हा मात्र वणवा. आपल्याकडची आग बहुतेक जमिनीलगतची, गवत आणि पाचोळा खाणारी. शेंड्यांपर्यंत क्वचितच जाते. पण कमरेएवढं गवत आणि पुढे चढ असला की ती पळत सुटते, कारण खालच्या ज्वाळेनं वरचं गवत आधीच तापलेलं असतं. आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, हा पहिला नियम.

डावीकडे बघा. माणसं आगीच्या तोंडावर गेलेली नाहीत. जळून गेलेल्या जमिनीवरून आत शिरून ती बगलेनं आग दाबत पुढं चाललीत. पाठीवर यंत्र आहे तो ब्लोअरवाला. त्याच्या हवेनं पाचोळा जळालेल्या बाजूला उडतो आणि खाली उघडी माती राहते. मागचे दोघं उरलेली धग फांद्यांनी मारतात. ब्लोअर चुकीच्या कोनात धरला तर ठिणग्या पलीकडच्या गवतात जातात, त्याला सरावलेलाच हात लागतो.

तोंड आवरेनासं झालं तर उलटी आग. पुढच्या जाळरेषेवरून किंवा पायवाटेवरून वणव्याच्या दिशेनं जाळ सोडायचा. दोन्ही आगी भेटतात तिथं जळायला काहीच उरत नाही. वारा फिरला तर मात्र हीच आग अंगावर येते. त्यामुळे ती कधी सोडायची, हे एकानंच ठरवायचं. कुठल्याही आपत्तीत घटनास्थळी एकच प्रमुख असावा, ही पद्धत २०१० च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये घालून दिली आहे. इथं वनपालानं सांगितल्याशिवाय कुणी काडी ओढत नाही.

[मोबाइलचा स्क्रीन]

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा हा मेसेज. उपग्रहाला दिसलेला तापलेला ठिपका, अक्षांश-रेखांशासह. पण ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, आणि उपग्रह ठराविक वेळीच वरून जातो. आग नेमकी कुठल्या घळीत आहे, हे गुराख्याला विचारावं लागतं. कित्येकदा त्याचा फोन मेसेजच्या आधी आलेला असतो.

[पहाट: धुमसणारा ओंडका]

आग आटोक्यात आली, तरी काम संपत नाही. वनमजूर तळहाताची मागची बाजू ओंडक्याजवळ नेऊन ऊब बघतोय. आत निखारा असेल तर ओंडका फोडायचा, माती टाकायची, परत हात लावून बघायचं. दुपारचा वारा सुटायच्या आत सगळी कड अशी तपासून झाली पाहिजे.

जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सागाची कोवळी रोपं, गावाचा चारा, सगळं यात जातं.

आणि बहुतेक वेळा काडी माणसाचीच असते. कुणी मोहाखालचा पाचोळा जाळतं, कुणी मोहोळाला धूर देतं, कुणी बांधावरच्या पऱ्हाट्या पेटवून घरी जातं. अभयारण्य धोक्यात येईल अशी आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं, हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० चा भंग आहे. जंगलाला लागून शेत असेल तर पेटवायच्या आधी बीटच्या गार्डला कळवा आणि विझेपर्यंत बांध सोडू नका. डोंगरात धूर दिसला तर वन विभागाचा टोल फ्री नंबर आहे, १९२६.