दर्या, दऱ्या आणि इंटरनेटची पंचायत

मंडळी, इंटरनेट कोण चालवतं, असं विचारलं की कुणी अमेरिकेचं नाव घेतं, कुणी गूगलचं. मी आज एका अर्ध्या अक्षराबद्दल बोलणार आहे.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' सह्याद्रीतल्या. दुसऱ्या शब्दातला तो आडवा र हिंदीला लागत नाही, आपलं मात्र त्यावाचून अडतं. संगणकात तो दोन रीतींनी लिहिता येतो. नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेल्या 'ऱ'ला हलन्त (पाय मोडायची खूण) जोडायचा, नाहीतर साध्या 'र्' पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही सारखेच. आता संकेतस्थळाच्या नावात हे आलं तर? एक नाव बँकेचं, दुसरं भामट्याचं, आणि नुसतं बघून ओळखणं अशक्य!

अशा नावांच्या २००३च्या नियमांत ते अदृश्य चिन्ह सरळ गाळलं जाई. म्हणजे दऱ्यांचा दर्या व्हायचा. २०१०च्या नियमांनी हलन्तानंतर त्याला मुभा दिली. पण '.भारत'सारख्या, नावाच्या अगदी शेवटच्या भागात ते आजही चालत नाही. त्या भागाचे नियम ठरवायला आयकॅनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, छत्राखाली निओ-ब्राह्मी नावाचा गट बसला. देवनागरी, बंगाली, तमिळ धरून नऊ लिप्या त्याच्याकडे होत्या. त्यांनी तोडगा काढला : नुक्त्याचा 'ऱ' घ्यायचा, पण हलन्तासह आणि पुढे 'य' किंवा 'ह' असेल तरच. दऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड सगळं बसलं. हे काम संसदेत झालं नाही, संयुक्त राष्ट्रांतही नाही.

इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या आयईटीएफमध्ये तर मतदानच नाही. सभासदत्वही नाही. बैठकीत अध्यक्ष विचारतात आणि लोक तोंड मिटून 'हंऽऽ' करतात. कुठला हुंकार मोठा ते ऐकून अंदाज घेतला जातो. ऐकायला गंमत वाटते, पण नुसत्या संख्याबळावर निर्णय होऊ नये, विरोधकाच्या आक्षेपाला उत्तर मिळावं, यासाठी ही पद्धत.

भारत सरकारला ही रीत आधी पटत नव्हती. २०११मध्ये आपण इंटरनेटच्या कारभारासाठी संयुक्त राष्ट्रांत पन्नास देशांची समिती मागितली होती. २०१५मध्ये भूमिका बदलली. सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, नागरी संस्था सगळ्यांनी मिळून ठरवावं, या बाजूला आपण गेलो. माझ्या मते ते योग्यच झालं. सरकारी प्रतिनिधींच्या समितीत आडव्या र साठी कोण भांडत बसलं असतं?

पण दार उघडं असलं तरी आत वर्षानुवर्षं बसायला पगार लागतो, आणि तो बहुतेकदा बड्या कंपन्याच देतात. शिवाय नियम झाला म्हणजे तो पाळला जातो असंही नाही. देवनागरीतल्या ईमेल पत्त्यांचे नियम २०१२पासून तयार आहेत. तसा पत्ता एखाद्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरून बघा. 'पत्ता चुकीचा आहे' असं लाल अक्षरांत उत्तर येण्याचीच शक्यता जास्त.