मुदत तीन महिन्यांची, अहवाल सतरा वर्षांनी: चौकशी आयोग लांबतात कसे?

नमस्कार! १६ डिसेंबर १९९२. बाबरी मशीद पाडली त्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. केंद्राने न्यायमूर्ती लिबरहान आयोग नेमला आणि मुदत दिली तीन महिने. अहवाल आला ३० जून २००९ रोजी. मध्ये ४८ मुदतवाढी, खर्च आठ कोटींच्या घरात.

आपल्याकडे कोरेगाव भीमा आयोग फेब्रुवारी २०१८मध्ये नेमला, चार महिन्यांसाठी. सात वर्षं उलटली तरी काम चालूच होतं.

असं का होतं? १९५२च्या चौकशी आयोग कायद्यात कमाल मुदतच नाही. तारीख अधिसूचनेत असते. ती संपत आली की सरकार नवी अधिसूचना काढतं, बस.

आणि सुनावणीत काय होतं बघा. ज्याच्या नावाला बट्टा लागू शकतो, त्याला बाजू मांडायचा आणि उलटतपासणीचा हक्क आहे. एखादा पोलीस अधिकारी साक्षीला उभा राहिला, की सरकारचे वकील उठतात, मग पीडितांचे, मग संघटनांचे. तोच प्रश्न फिरवून फिरवून. दिवस जातो आणि पुढची तारीख पडते. हा हक्क काढून घ्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. निरपराध माणसाची ती ढाल आहे. पण तेच तेच प्रश्न आयोगाने थांबवायलाच हवेत.

खरी मेख आहे कार्यकक्षेत, म्हणजे नेमकं काय तपासायचं हे ठरवण्यात. २६/११ नंतरची राम प्रधान समिती डिसेंबर २००८च्या अखेरीस नेमली, एप्रिल २००९मध्ये तिचा अहवाल तयार! कारण तिला पोलिसांच्या प्रतिसादापुरतंच बघायचं होतं. ती या कायद्याखाली नव्हती, तिच्यापुढे उघड सुनावणीही नव्हती. त्यामुळे तिची नक्कल नको, पण प्रश्न नेमका विचारणं तरी घ्या.

ब्रिटनमध्ये 'ब्लडी संडे'ची, म्हणजे १९७२मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये लष्कराने मोर्चावर केलेल्या गोळीबाराची, चौकशी १९९८ ते २०१० चालली, १९ कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला. ती चालू असतानाच तिथे अशा चौकशांसाठी २००५चा कायदा आला. अनावश्यक खर्च टाळणं ही त्यात अध्यक्षाची कायदेशीर जबाबदारी आहे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मुदतवाढीच्या आदेशासोबत किती साक्षी झाल्या, किती उरल्या आणि मानधन, कार्यालय, वकिलांची फी यांवर किती खर्च झाला, हे सरकारने छापावं. तोवर हेच प्रश्न माहिती अधिकारात तुम्ही गृह विभागाला विचारू शकता.