कळण्याचे पीठ आणि पाच रुपयांचे पाकीट

जळगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या या वस्तीत आज कळण्याची भाकरी होते आहे, कारण आज डाळमिलला सुट्टी आहे. काठवटीतले पीठ दादर ज्वारीत सालीसकट उडीद आणि मीठ घालून दळून आणलेले आहे. ते तळव्याने चांगले रगडल्याखेरीज भाकरीचे काठ फाटायचे राहत नाहीत. मग तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरते सुकायच्या आत ती उलटायची आणि शेवटी निखाऱ्यांवर फुगू द्यायची. सोबत ठेचा आणि कच्चा कांदा. घरातली चारही माणसे आज एकत्र जेवायला बसली आहेत.

एरवी या घरातली आई सकाळी आठच्या ठोक्याला मिलमध्ये असते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या ताटातली डाळ निवडते. त्या दिवशी मुलांच्या हातावर दहा रुपये ठेवले जातात. टपरीवर लटकणाऱ्या रंगीत माळांमधली तयार खाऊची दोन पाकिटे त्यात येतात, भूक मरते आणि मैद्याबरोबर पामतेल, मीठ, साखर पोटात जाते. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकू नयेत, हा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० सालचा आहे. आम्ही शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत टेप लावून पाहिली. ती पूर्ण उलगडावीच लागली नाही.

अंगणवाडीच्या वजनकाट्याला खानदेशात कमी वजनाची मुले शोधण्याची सवय आहे, आणि नंदुरबारचे कुपोषण पाहता ती योग्यच आहे. मात्र आलेखात वर सरकणाऱ्या मुलाचे अजून कौतुकच होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. अशा मुलांना पुढे मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका अधिक असतो.

शाळकरी मुलांनी रोज किमान ६० मिनिटे अंगमेहनतीचे खेळ खेळावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या गल्लीतून मालाचे ट्रक जातात, म्हणून आया मुलांना मोबाइल देऊन घरात बसवतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी ही गल्ली एकदा चालून पाहावी.

सकाळी भाकरी करायला वेळ मिळावा म्हणून मिलची पाळी आठऐवजी नऊला सुरू करावी, एवढीच येथील बायकांची मागणी आहे. मिलच्या व्यवस्थापनाने त्यावर कॅमेऱ्यासमोर बोलण्यास नकार दिला.