डेसिबलवाल्यांची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

'डेसिबल' हा शब्द आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी येतो. मिरवणुकीत आवाज कितीवर गेला, कोणत्या मंडळावर गुन्हा दाखल झाला, वगैरे. आज ज्या बँडबद्दल बोलणार आहे, त्याने नावच डेसिबलवरून घेतलं: द डीबीज. 'डीबी' म्हणजे डेसिबलचंच छोटं रूप. पहिल्या अल्बमचं नावही 'स्टँड्स फॉर डेसिबल्स', म्हणजे नावाचा खुलासा तिथल्या तिथे. गंमत अशी, की यांच्या गाण्यांनी कुणाच्या कानठळ्या बसणार नाहीत.

मंडळी मूळची अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली, विन्स्टन-सेलम या तंबाखू-सिगारेटच्या शहरातली. ख्रिस स्टेमी आणि पीटर होल्सॅपल गाणी लिहायचे नि गायचे, विल रिग्बी ड्रमवर, जीन होल्डर बासवर. बँड जमला तो मात्र १९७८ साली न्यूयॉर्कमध्ये. तिथे तेव्हा पंकची, म्हणजे वेगवान, खडबडीत रॉकची धग ओसरून त्यातूनच निघालेल्या, जरा सफाईदार न्यू वेव्हचे दिवस आले होते. या पोरांचा जीव मात्र साठीच्या दशकातल्या चालींत गुंतलेला. छोटं गाणं, लगेच तोंडात बसणारी चाल, खणखणीत गिटार आणि एकमेकांत मिसळलेले गळे, याला पॉवर पॉप म्हणतात.

पण मला हा पहिला अल्बम आवडतो तो त्यातल्या भांडणासाठी. होल्सॅपलची चाल सरळ काळजाला भिडणारी. 'ब्लॅक अँड व्हाइट' ऐका, किंवा 'बिग ब्राउन आइज'. एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही. स्टेमीचं तसं नाही. त्याची चाल ओळखीच्या रस्त्याने निघते आणि मध्येच भलत्याच गल्लीत शिरते. 'सायकल्स पर सेकंद' किंवा 'एस्पिओनाज' पहिल्यांदा ऐकताना मी चक्क वैतागलो होतो. चौथ्यांदा ऐकताना कळलं, हा वाकडेपणा नसता तर होल्सॅपलचा गोडवा थोडा मिळमिळीत वाटला असता.

दुसरा अल्बम 'रिपर्कशन'. दोन्ही १९८१ सालचेच! याचा निर्माता स्कॉट लिट, जो पुढे आर.ई.एम. या प्रसिद्ध अमेरिकन रॉक बँडच्या गाजलेल्या अल्बममागे होता. आवाज जास्त घोटीव, पहिल्याच गाण्यात पितळी वाद्यं. काही जाणकार याला वरचा नंबर देतात; माझं मत अजून पहिल्यालाच. मात्र 'अॅम्प्लिफायर' हे गाणं याच अल्बमात आहे, त्यामुळे वाद घालायला मी कचरतो. बाई घरातलं सगळं घेऊन निघून गेलीय, मागे उरलाय फक्त अॅम्प्लिफायर. पहिल्याच ओळीत माणूस जीव देतो, आणि चाल अशी नाचरी की आपण पायाने ठेका धरतो आणि मग ओशाळतो.

मग हे लोक गेले कुठे? कारण साधं आणि चीड आणणारं आहे. दोन्ही अल्बम अल्बियन या ब्रिटिश कंपनीने काढले. बँड अमेरिकेचा, आणि अमेरिकेत त्यांच्या तबकड्या घ्यायच्या तर परदेशातून आलेल्या, महागड्या. ज्या पोरांनी त्या घ्यायच्या त्यांच्या खिशाला परवडणार कशा? दुसऱ्या अल्बमनंतर स्टेमी बाहेर पडला. बाकीच्यांनी आणखी दोन अल्बम काढले, पण भांडायला समोर तोच नव्हता. होल्सॅपल पुढे आर.ई.एम.सोबत दौऱ्यांवर वाजवायला जायचा, त्यांच्या 'आउट ऑफ टाइम'वरही तो आहे. म्हणजे त्याची गिटार लाखो घरांत पोचली, फक्त त्याचं नाव पोचलं नाही.

२०१२ साली हे चौघे पुन्हा एकत्र येऊन एक अल्बम करून गेले. बरा आहे. पण तुम्ही सुरुवात १९८१ पासूनच करा, आणि कृपा करून गाणी उलटसुलट लावू नका. कधी होल्सॅपलचं, कधी स्टेमीचं, अशी ती रस्सीखेच ओळीनेच ऐकायची. तर लावतोय, 'ब्लॅक अँड व्हाइट'. आवाज थोडा वाढवा, आज कुणी मोजायला येणार नाही.