आधी वजन, मग वेग: यॉटसाठी छोटी रिब निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

यॉट नांगरावर उभी राहिली की किनारा आणि आपण यांच्यामध्ये जे पाणी उरतं, ते पार करायचं काम टेंडरचं. माणसं, किराणा, पिण्याच्या पाण्याचे कॅन, डिझेल, कचऱ्याच्या पिशव्या, सगळं त्या एवढ्याशा होडीतून ये-जा करतं. रात्री वारा फिरला आणि दुसरा नांगर लांब नेऊन टाकायची वेळ आली, तर तोही हीच होडी नेते. आज बोलायचं आहे रिबबद्दल. खाली न वाकणारा कडक तळ आणि कडेनं हवा भरलेल्या नळ्या असलेली होडी म्हणजे रिब. टेंडर म्हणून वापरायची रिब साधारण अडीच ते साडेतीन मीटर लांब असते.

हा प्रकार १९६०च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात आकाराला आला. फुगवायच्या होडीचा कापडी तळ किनाऱ्यावरच्या खडीवर घासून झिजायचा, म्हणून तिथं त्याखाली प्लायवूड चिकटवून पाहिलं गेलं. त्यातूनच पुढं ब्रिटनच्या जीवरक्षक नौकादलाची अटलांटिक २१ ही बोट आली. मूळ दुखणं घासण्याचं होतं, हे लक्षात ठेवा. टेंडरचं अर्धं आयुष्य आजही किनाऱ्यावर ओढलं जाण्यात आणि धक्क्याला घासण्यात जातं.

रिब घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, हिला किती एचपीचं इंजिन चालेल? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. ही होडी रोज संध्याकाळी पाण्याबाहेर कशी येणार, आणि ती कोण उचलणार? रात्रभर पाण्यात बांधून ठेवलेल्या टेंडरच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, लाटांमध्ये ती यॉटवर आपटत राहते, आणि चोराला फक्त एक दोरी कापावी लागते. जी होडी उचलायला जड, ती कंटाळा करून पाण्यातच राहते. म्हणून आधी वजनाचा हिशोब.

कागद घ्या आणि बेरीज करा. २.७ मीटरची ॲल्युमिनियमच्या तळाची रिब ४० किलोच्या आसपास भरते. तिला ६ एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन लावलं, तर ते सुमारे २७ किलो. १२ लिटर पेट्रोल म्हणजे ९ किलो आणि टाकीचे २. वल्ही, छोटा नांगर, दोरी, पंप, कुलूप-साखळी मिळून १० किलो धरा. झाले ८८. आता दुसरी बाजू पाहा. ३.१ मीटरची, फायबरग्लासची, दुहेरी तळाची रिब ६५ किलोची. १५ एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन ५० किलोचं. २४ लिटरची भरलेली टाकी २० किलोची, आणि सामान १२ किलोचं. बेरीज १४७. लांबीत फरक ४० सेंटिमीटरचा, वजनात जवळजवळ ६० किलोचा. पत्रकात छापलेलं वजन बहुधा नुसत्या होडीचं असतं, वल्ही आणि आसनाची फळी वगळून. म्हणून विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, या आकड्यात काय काय धरलंय?

यॉटच्या मागं डॅव्हिट, म्हणजे होडी उचलून टांगायचे दोन बाहू, असतील, तर त्यांच्यावरची भारमर्यादा वाचा, आणि ती एका बाहूची आहे की दोन्ही मिळून, हे पक्कं करा. इंजिन आणि टाकी दोन्ही होडीच्या मागच्या भागात असल्यामुळं भार दोन बाहूंवर सारखा पडत नाही, आणि लाटेच्या हिसक्यानं तो आणखी वाढतो. पण डॅव्हिट वाकवणारं खरं संकट पावसाचं असतं. होडीच्या आतली मोकळी जागा दोन मीटर बाय ८० सेंटिमीटर धरली आणि त्यात १० सेंटिमीटर पाणी साठलं, तर ते १६० लिटर, म्हणजे १६० किलो होतं. तेव्हा होडी वर घेतली की आधी तळाचं बूच काढायचं, आणि बुचाची बाजू थोडी खाली राहील अशी ती टांगायची. बूच छोट्या दोरीनं होडीलाच बांधून ठेवा, म्हणजे खाली उतरवताना शोधावं लागणार नाही. टांगलेली होडी झुलू नये म्हणून दोन्ही कुशींना तिरके दोर ताणून घ्या. लांबच्या समुद्रप्रवासात मात्र तिची जागा डॅव्हिटवर नाही, डेकवर आहे.

डॅव्हिट नसतील, तर डोलकाठीवरच्या शीड चढवायच्या दोरानं, म्हणजे हॅलियार्डनं, होडी कुशीला उचलता येते. त्यासाठी तीन ठिकाणी कड्या हव्यात. एक नाळेकडे आणि दोन मागच्या आडव्या फळीवर, जिला ट्रान्सम म्हणतात. या कड्या आरपार बोल्टनं, मागं पट्टी देऊन बसवलेल्या आहेत का, ते हात घालून बघा. नुसत्या स्क्रूवर किंवा नळीला चिकटवलेल्या कडीवर होडी टांगायची नाही. होडी पुढच्या डेकवर ठेवायची असेल, तर खरेदीआधी पुठ्ठा कापून तिचा आकार डेकवर मांडा. विंडलास (नांगर ओढायचं यंत्र), हॅच (डेकवरचं झाकण), शिडाचे दोर, सगळं मोकळं राहतंय का, ते त्यात लगेच कळतं. जागा उंचीत कमी असेल, तर ट्रान्सम आत दुमडणारी रिब मिळते. हवा काढल्यावर ती चपटी होते.

इंजिन काढून यॉटच्या कठड्यावर लावायचं असेल, तर २७ किलो एका सशक्त माणसाला शांत पाण्यात जमतं. ५० किलोचं इंजिन हलत्या होडीत उभं राहून हातानं वर द्यायच्या भानगडीत पडू नका. छोटी क्रेन आणि कप्पी लागेलच, तिचा खर्च आणि जागा आधीच धरा.

आता नळ्यांचं कापड. प्रकार दोन, पीव्हीसी आणि ज्याला सगळे हायपलॉन म्हणतात ते. हायपलॉन हे ड्यूपाँटचं व्यापारी नाव. त्यांनी उत्पादन थांबवलं, तरी त्याच जातीचं रबर दुसऱ्यांकडून येतं आणि नाव तेच चालतं. पीव्हीसी स्वस्त आणि हलकं असतं, आणि त्याचे सांधे उष्णतेनं वितळवून जोडता येतात. पण कडक उन्हात वर्षानुवर्षं राहिलं की त्याला मऊ ठेवणारं द्रव्य निघून जातं. मग पृष्ठभाग चिकट होतो आणि पुढं कडक होऊन चिरतो. हायपलॉन ऊन आणि सांडलेलं पेट्रोल कितीतरी जास्त सोसतं. वर्षभर उष्ण प्रदेशात, उघड्यावर राहणार असाल, तर हायपलॉनच घ्या. वर्षातले काही आठवडे वापर आणि बाकी वेळ होडी सावलीत, असं असेल, तर चांगलं पीव्हीसी पुरतं. दोन्हींवर शिवलेलं कापडी आच्छादन घातलं, तर आयुष्य वाढतं.

दुरुस्तीतली नेहमीची चूक म्हणजे गोंदाची अदलाबदल. पीव्हीसीचा गोंद हायपलॉनला धरत नाही आणि हायपलॉनचा पीव्हीसीला नीट धरत नाही. हायपलॉनचं ठिगळ लावताना ते छिद्रापेक्षा चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर मोठं घ्या, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरनं खरवडा, द्रावकानं पुसा, आणि दोन भागांचा गोंद पातळ थरांत लावून प्रत्येक थर सुकू द्या. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल, तर ते काम पुढं ढकला. गोंद लागल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात कडेनं सुटतो, त्याचं कारण बहुधा हीच ओल असते. ठिगळ लावल्यावर किमान २४ तास पूर्ण हवा भरायची नाही.

हवेचा दाब साधारण ०.२० ते ०.२५ बार असतो. नेमका आकडा होडीवर लिहिलेला असतो. पंपासोबत दाबमापक घ्याच, अंगठ्यानं दाबून अंदाज चुकतो. सकाळी २० अंश तापमानात ०.२५ बार भरलं आणि दुपारी नळीतली हवा ५० अंशांवर गेली, तर दाब ०.३७ बारच्या पुढं जाऊ शकतो. अशा वेळी सांधे ताणले जातात, म्हणून किनाऱ्यावर उन्हात ठेवताना थोडी हवा सोडा. उलट, तापलेल्या डेकवर भरलेली होडी थंड पाण्यात उतरवली की मऊ पडते. ती गळती नसते. नळीत निदान दोन कप्पे असावेत, तीन असले तर उत्तम. भरताना प्रत्येक कप्पा आधी अर्धा भरायचा आणि मग फेरीफेरीनं पूर्ण. एकच कप्पा टणक केला, तर मधला पडदा एका बाजूला ताणला जातो.

नळीचा व्यास विचारायला बरेच जण विसरतात. ४० सेंटिमीटरची नळी ३५च्या नळीपेक्षा जास्त पाणी बाहेर ठेवते, पण आतली जागाही खाते. १.६ मीटर रुंदीच्या होडीत दोन्हीकडे ४० गेले की आत ८० सेंटिमीटर उरतात. म्हणून बाहेरच्या मापावर जाऊ नका, टेप घेऊन आतलं माप घ्या.

तळ ॲल्युमिनियमचा असेल, तर खडकाळ किनाऱ्यावर निर्धास्त ओढा, फक्त पोचे येतील. पण त्याला तांबं असलेला शेवाळविरोधी रंग कधीही लावू नका. खाऱ्या पाण्यात तांब्याच्या शेजारी ॲल्युमिनियम पोखरलं जातं. फायबरग्लासला ओरखडे पडतात, पण ते जेलकोटनं, म्हणजे फायबरग्लासच्या वरच्या थराच्या लेपानं, घरच्या घरी भरता येतात. एकेरी तळ हलका असतो, मात्र त्यात पाय ओले राहतात आणि टाकी घसरते. दुहेरी तळावर उभं राहायला सपाट जागा मिळते आणि पाणी खालून निघून जातं, पण १०-१५ किलो वाढतात, आणि दोन तळांच्या मधे पाणी शिरलं, तर ते दिसत नाही. होडी अचानक जड वाटू लागली, तर तिथं बघा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. दोन माणसांना घेऊन हलकी रिब पाण्यावर उचलून पळायला, म्हणजे प्लेन व्हायला, १० एचपीच्या आसपास लागतात. ६ एचपीवर एकटा हलका माणूस प्लेन होतो. दोघं बसले की वेग साडेतीन-चार नॉटवर अडकतो, आणि अर्धा मैल जायचं असेल, तर त्यात काहीच बिघडत नाही. लांबवर नांगर टाकणाऱ्यांनी मात्र १० एचपीचा विचार करावा. बहुतेक छोट्या रिबचा ट्रान्सम १५ इंच उंचीचा असतो, त्याला शॉर्ट शाफ्टचं, म्हणजे आखूड दांड्याचं, इंजिन लागतं. लाँग शाफ्ट लावला, तर ओढ वाढते, तुषार उडतात आणि उथळ पाण्यात पंखा आधी टेकतो. एक किलोवॅटचं विजेचं इंजिन शांत आणि हलकं असतं, पण एक किलोवॅट-तासाची बॅटरी पूर्ण वेगात तासाभरात संपते. किल स्विचची, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद करणाऱ्या खटक्याची, दोरी मनगटाला किंवा पायाला, दर फेरीला.

ट्रान्समवरची क्षमतेची पाटी वाचा. त्यावर माणसं, किलो आणि एचपी लिहिलेले असतात. माणसाचं वजन तिथं ७५ किलो धरलेलं असतं, म्हणून चार माणसं लिहिलेली असली, तरी चार माणसं आणि आठवड्याचं सामान असा त्याचा अर्थ नाही. युरोपच्या वर्गवारीतली ‘डी’ वर्गाची होडी ०.३ मीटर लाटांपुरती असते, ‘सी’ वर्गाची दोन मीटरपर्यंत.

जुनी रिब घेताय? मग पूर्ण दाब भरून सावलीत २४ तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला मोजा. व्हॉल्व्ह, नळीचे सांधे आणि ट्रान्सम नळीला जिथं चिकटतो ती रेघ, यांवर साबणाचं पाणी फिरवा. लाकडी ट्रान्सम हातोडीच्या दांड्यानं ठोका. बद्द आवाज आला, तर आत प्लायवूड कुजलंय. नळीवर बोट फिरवा. चिकट लागली, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

आणि पैसे देण्यापूर्वी इंजिन बंद करून शंभर मीटर वल्हवून बघा, तेही वाऱ्याच्या विरुद्ध. वल्ही आखूड असली किंवा त्यांची कडी प्लास्टिकची असली, तर ती इथंच कळते. मग लाइफजॅकेट घालून पाण्यात उतरा आणि नळीवरून परत आत चढून बघा. चढता आलं नाही, तर नळीला पकडायचे दोर आणि ट्रान्समला पायरी बसवून मगच होडी ताब्यात घ्या.